औषध म्हणूनसुद्धा नाही

ता. ५ ऑगस्ट १९१२, सोमवार

सकाळची पाळी. बुटाने पुन्हा टाच सोलली. आईने हळद भरली. म्हणाली, सरकार बूट देते तर मापाचे का देत नाही.

ठाण्यात हुकूम वाचून दाखवला. दसऱ्याला पाहुणे येणार, त्याच्या आत म्हैसूर शहरातल्या गल्ल्या साफ दिसल्या पाहिजेत. साफ म्हणजे केराबद्दल नव्हे. दारू पिऊन रस्त्यात पडणारे, गांजा ओढत बसणारे, नळावर भांडणारे, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना बोलणारे. मादप्पा दफेदारांनी गल्ल्या वाटल्या आणि मला आमचीच गल्ली, बारगीर केरी, दिली. "तू तिथलाच. तुला सगळे ठाऊक." हेच तर संकट. केरीत सगळी जुन्या घोडेस्वारांची घरे. अर्ध्यांना मी मामा म्हणतो, उरलेल्यांना काका.

प्रत्येक गल्लीतून एक तरी माणूस जामिनाच्या खटल्यात द्यायचा आहे. नीट वागेन म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर लिहून द्यायचे आणि दोन प्रतिष्ठित माणसे जामीन उभी करायची. ती नाही मिळाली तर वर्षभर तुरुंग. आमच्या केरीतले नाव दफेदारांनी मला विचारले नाही, स्वतःच सांगितले. लिंगोजीराव जटकावाला. म्हणजे आमच्या दोन घरे पलीकडचे, जटका म्हणजे इथला टांगा हाकणारे लिंगोजीमामा.

त्यांना जामीन कोण राहणार?

ही रोजनिशी मराठीत लिहितो. ठाण्यात सगळे कानडी वाचतात, हे कोणी वाचणार नाही.

ता. ७, बुधवार

तालमीच्या मागून गांजावाल्यांना उठवले. मुकाट्याने उठले, एकाने नमस्कारही केला. जरा वेळाने जाऊन पाहतो तर पुन्हा तिथेच. "पलीकडच्या गल्लीच्या शिपायाने इकडे पाठवले, स्वामी. म्हणाला, तुमची हद्द ही." उद्या मी त्यांना तिकडे पाठवीन. दसऱ्यापर्यंत त्यांना चालण्याचा व्यायाम होईल, एवढेच.

दुपारी केरीत लिं. मामांबद्दल जबान्या घ्यायला फिरलो. ओट्यावर बसलेली प्रत्येक बाई आपण होऊन बोलते. काल काय शिव्या दिल्या, परवा कोणाच्या दारात ओकले. "लिहून घेऊ का, काकी?" म्हटले की, "अय्यो, लिहू बिहू नको रे बाबा. मी काय म्हटलं? मी काही म्हटलं नाही."

कागद कोरा घेऊन परत आलो. घडीसुद्धा मोडली नाही.

ता. ९, शुक्रवार

नळावर गोंधळ. लिं. मामांनी जटका नळाला आडवा लावला होता आणि वर उभे होते. बायका घागरी घेऊन रांगेत. मामा म्हणत, "एकेकीने सलाम करायचा, मग पाणी. पलटणीची शिस्त आहे." एकीने ऐकले नाही, तिची घागर लाथेने उडवली. सकाळ नीट उजाडलीसुद्धा नव्हती आणि तोंडाला सारायीचा, गुत्त्यातल्या दारूचा, वास.

मी खाली उतरवून दंड धरला. त्यांनी टाचा जुळवून मलाच सलाम ठोकला.

"साहेब आले! अरे येस्या, पहिल्यांदा घोड्यावर तुला कोणी बसवला?"

"तुम्हीच, मामा."

"मग आता मला उतरवतोस होय?"

लोक हसले. मीही हसलो असेन. घोडा मान खाली घालून उभा होता, तोच काय तो शुद्धीवर.

मामा राजवाड्याच्या पागेत घोडे शिकवत. आडमुठे जनावर असले की त्यांच्याकडे देत. पिऊन एक चांगला घोडा पायाने अधू केला, तेव्हा पागा सुटली. मग जटका. आता खटला झाला तर जटक्याचा बिल्लाही जाईल.

दफे. म्हणाले, "आता कोणाची जबानी नको. तू पाहिलेस, तूच लिही." चार वेळा लिहिले, चार वेळा फाडले. शब्द चुकले म्हणून नाही.

ता. १२, सोमवार

अमावास्या. आज केरीतल्या बायकांनी नवऱ्यांची पूजा केली. आपल्या मूळ मुलखात ही चाल नाही म्हणे. पण आमच्या पाच पिढ्या म्हैसुरात गेल्या, आमच्या बायकांनी ती इथल्या शेजारणींकडून केव्हाच उचलली. रंगूमामी, म्हणजे लिं. मामांची बायको, तबक घेऊन बसली आणि मामा गुत्त्यावर. आईने पाहिले. मामीने त्यांचा फेटा पाटावर ठेवला, त्याला कुंकू लावले, ओवाळले, नमस्कार केला. मग फेटा झटकून खुंटीला.

दिवेलागणीला मामी आमच्याकडे आली. मनगट सुजले आहे. उदबत्त्या वळून तिचे घर चालते, मनगट गेले तर काय करणार. म्हणाली, बांगडी अडकली. आईने माझ्याकडे पाहिले आणि हळद उगाळायला घेतली.

"येसू, तुरुंगात नको रे घालूस. मला काय, मी सुखाने राहीन. पण ते तिथे मरतील."

तिला म्हटले, काहीतरी बघतो. असे म्हणून बसलो आहे. काय बघणार?

ता. १४, बुधवार

पहाटे सुचले. बेल-भंडारा.

केरीच्या तोंडाशी खंडोबाची देवळी आहे. आमच्यात देवापुढचा बेल आणि भंडारा उचलून घेतलेली शपथ कोणी मोडत नाही. कागदावर अंगठा देऊन नाकबूल होणारे मी ठाण्यात रोज पाहतो. भंडारा उचलून फिरलेला माणूस केरीत एकही नाही. मामा कितीही प्याले तरी देवळीसमोरून जाताना फेटा काढतात.

दफेदारांना सांगितले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हणजे जामीन तुमचा देव?" मग म्हणाले, "एनप्पा, मला काय. गौरीच्या सणापर्यंत माणूस नीट राहिला तर मी कागद वर पाठवत नाही. तुमच्या देवाने माझे काम केले तर त्याला नारळ फोडीन. नाही केले तर तुझे डोके आहेच."

बरे वाटले. किती दिवसांनी बरे वाटले.

ता. १६, शुक्रवार

भुजंगराव आजोबांकडे गेलो. देवळीची किल्ली त्यांच्याकडे. रिसाल्यातून पेन्शन घेऊन आता देवाची चाकरी करतात. त्यांनी नियम सांगितले. शपथ घेणाऱ्याने उचललेला भंडारा दुसऱ्याच्या पदरात टाकायचा. ज्याच्या पदरात पडला, त्यालाच ती सोडता येते, दुसऱ्या कोणाला नाही. आणि एकदा सोडली की त्याच गोष्टीची शपथ तो माणूस जन्मात पुन्हा घेऊ शकत नाही.

"का नाही, आजोबा?"

"देव म्हणजे काय जटक्याचा अड्डा आहे, वाटलं की यायचं?"

मामांना पळवाटा फार येतात. गेल्या वर्षी आईशपथ सारायी सोडली आणि ताडी धरली. मग ताडी सोडून खोकल्यावर औषध म्हणून ब्रँडी. म्हणून शपथेचे शब्द मीच नीट जुळवले, कुठे फट राहणार नाही असे. आजोबांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "वकील व्हायचास. पोलिसात कशाला गेलास?"

ता. १८, रविवार

झाले.

सकाळी मामांना मी घरून आणले. अंघोळ केलेली, फेटा नीट. रात्रीचा वास होता पण पाय ठाम. सगळी केरी जमली होती, घागरवालीसुद्धा. मामी देवळीसमोर पदर पसरून उभी. आजोबांनी मामांच्या ओंजळीत बेल आणि भंडारा ठेवला. मी एकेक शब्द सांगत गेलो, मामा मागून म्हणत गेले.

"सारायी नाही. ताडी नाही. गांजा नाही. अफू नाही. विलायती नाही. कोणाच्या आग्रहाने नाही. सणाला नाही. तीर्थ म्हणून नाही. औषध म्हणूनसुद्धा नाही."

शेवटच्या शब्दाला ते माझ्याकडे बघून किंचित हसले. पकडलेस, असे. मग ओंजळ मामीच्या पदरात उलटी केली. तिने गाठ मारली. पदरावर पिवळा डाग पडला, तो झटकला नाही.

"येळकोट" म्हणताना मामांचा आवाज सगळ्यांत मोठा.

परत येताना आई म्हणाली, तुझ्या वडिलांना हे पाहायला हवे होते.

ता. १९, सोमवार

नळ शांत. गुत्त्यावरून मामांचा जटका न थांबता गेला, मी स्वतः पाहिले. घोडा सवयीने रेंगाळला, मामांनी जिभेने टकटक केले आणि पुढे काढला. दुपारी जटका धुतला, पितळ घासले. हात कापत होता. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरला.

भुजंगराव आजोबा म्हणाले, "अंगातून निघतेय ती. निघू दे."

दफेदारांना कळवले. "नोडोण," म्हणाले. बघू या.

ता. २०, मंगळवार

मामांनी आज जटका काढला नाही. घाम, ओकारी, काही पोटात ठरत नाही. केरीतली जुनी माणसे ओट्यावर बसून खूश. निघतेय, निघतेय. मामीने कण्हेरी पाजली. ती म्हणाली, "रात्री दाराला काही न लावता झोपले मी." पूर्वी काय लावत होती, ते विचारले नाही.

गांजावाले पुन्हा तालमीमागे. हाकलले. पुन्हा येतील.

ता. २१, बुधवार

दुपारी केरीतून बोलावणे. "धाव, तुझा मामा पुन्हा प्याला. आणि तूच मोठा भंडारा द्यायला निघाला होतास!"

मामा रस्त्यात, अंगावर फक्त धोतर. भिंतीकडे बोट दाखवून ओरडत होते, घोडे उतरतायत, सगळे अधू आहेत, त्यांना आवरा. अंगावरचे काहीतरी ओरबाडून टाकत होते, अंगावर काही नव्हते. मला ओळखले नाही. धरायला गेलो तर कोपर मारले. लोक खिडक्यांतून म्हणत होते, एवढी कशी प्यायला, देवाला तरी भ्यायचे.

दफेदार आले. त्यांनी मामांच्या तोंडाजवळ नाक नेले. मग मी नेले. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

"वासने इल्लवल्लो," दफेदार म्हणाले. वासच नाही.

मामी दारातून म्हणाली, "घेतली नाही. मी सांगते ना, घेतली नाही." कोणी ऐकत नव्हते.

त्यांच्याच जटक्यात घालून थोरल्या दवाखान्यात नेले. मी हाकला. दफेदारांनी मागे धरून ठेवले. वाटेत झटका आला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी घोड्याला चाबूक मारला. मामा कधी मारत नाहीत.

ता. २२, गुरुवार

सगळे नीट लिहितो. डोके जड आहे.

सकाळी डॉक्टर आले. म्हातारे, कानडी, चष्मा कपाळावर. विचारले, "यारु निल्लिसिद्दु?" कोणी बंद केली? मी म्हटले, आम्ही, देवापुढे. त्यांनी चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिले.

ते म्हणाले, इतकी वर्षे रोज पिणाऱ्याची एका दिवसात तोडायची नसते. अंगाला तीच सवय. एकदम थांबली की असे होते. असे झटके येत राहिले तर हृदय बंद पडेल. औषधाबरोबर ब्रँडी मापाने द्यायची, रोज थोडी कमी करत जायचे, म्हणजे सुटतो. सरळ गोष्ट आहे.

सरळ नाही. मामांनी दात आवळले. चमचा जवळ आला की डोके भिंतीवर आपटतात. "भंडारा. भंडारा." आपले नाव विचारले तर सांगता येत नाही. बायकोचे नाही, घोड्याचे नाही. पण ते शब्द एकही न चुकता म्हणतात. मी शिकवले त्याच क्रमाने. शेवटचा शब्दही.

दफेदारांनी डॉक्टरांना सुचवले, दुधात घालून बघा. घातली. मामांनी वासानेच ओळखली, थुंकली आणि लहान पोरासारखे रडले. नळीने घालू म्हटले तर डॉक्टर म्हणाले, इतकी झटापट करतो, श्वासात गेली तर तसाही मरेल. त्याच्या मनाने घेऊ दे. कोणीतरी समजूत घाला.

दुपारी मामीकडे गेलो. ती पाटावर उदबत्त्या वळत होती. हात थांबला नाही. सगळे सांगितले.

"सोड म्हणतोस?"

"नाही सोडली तर मरतील, मामी."

"आणि सोडली तर? परत घेता येणार नाही. आजोबांनीच सांगितलंय. म्हणजे माझ्या जन्मभराला तो गुत्ता."

मी म्हटले, मग सगळी नको, तेवढा एक औषधाचा शब्द सोड. आधी भुजंगराव आजोबांना विचारून आलो होतो. ते म्हणाले होते, भंडारा म्हणजे तुझा ठाण्यातला कागद नाही, एक ओळ खोडायला. पण तरी मी म्हटले.

"तो शब्द माझा नाही. तू घातलास. तू काढ."

"मला काढता येत नाही."

"मग? येसू, तू पोलीस आहेस, का देव आहेस, का डॉक्टर आहेस, एक काय ते ठरव. आज पोलीस होऊन येतोस, परवा देव घेऊन आलास." मग हात थांबला. "लग्न झालं तेव्हापासून मी घरात बूट वाजला की कान टवकारते. किती प्यालेत ते मला चालण्यावरून कळतं. सोमवारी बूट वाजले आणि मला कळेचना कोण आलं. एवढं सरळ पाऊल. मी उठून बघायला गेले, कोण परका शिरला म्हणून. तो दिवस तू मला दिलास आणि आता परत मागतोस?"

मी टोपी हातात घेतली. 

"तुरुंगात मरतील म्हणून मी तुझ्याकडे आले होते," ती म्हणाली. "तिथे नुसते वाळले असते."

मी उठलो. दारात असताना मागून म्हणाली, "ते काय म्हणतात? मला शिव्या देतात?"

"नाही. शपथेचे शब्द म्हणतात."

"सगळे?"

"सगळे."

संध्याकाळी दवाखान्यात पुन्हा झटका. याआधीच्यापेक्षा मोठा.

ता. २३, शुक्रवार

मामी पहाटे आली. कोणाला बरोबर न घेता, चालत. काल पदर दिसला तेव्हा गाठ नव्हती, धान्याच्या मडक्यात ठेवली असणार. आज पुन्हा पदराला होती.

मी खाटेच्या पायथ्याशी होतो. डॉक्टर बाजूला. मामांचे ओठ फाटले होते, हात कापडाने बांधलेले. तिने बांधलेल्या हातांवरचे कापड सारखे केले. मग डॉक्टरांना कानडीत विचारले, "वाचतील ना?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, पण नाही दिली तर सांगता येते.

तिने गाठ सोडली. बेल वाळून गेला होता. चिमूटभर भंडारा मामांच्या कपाळाला लावला, तोंड कानाजवळ नेले. "सुटली."

मामा शब्द म्हणतच होते. ती पुन्हा म्हणाली. "ऐकलंत का, मी सोडली. माझ्या पदरातली, मीच सोडली. सुटली, सुटली." तिसऱ्यांदा म्हणताना ओरडली, दोन खाटांवरचे रोगी उठून बसले.

मामा थांबले. तिच्याकडे पाहिले. ओळखले की नाही कोण जाणे. पण दात सैल झाले.

परिचारिका चमचा घेऊन पुढे आली, तर मामीने तिच्या हातून तो काढून घेतला. घरात बाटली सापडली की चिमट्याने धरून बाहेर टाकणारी बाई. तिने चमचा भरून नवऱ्याला पाजला, ओठावरचे पदराने पुसले. एकच थेंब सांडला.

मग बाहेरच्या नळावर किती वेळ हात धूत होती. मी जवळ गेलो. हात नाकाशी नेऊन म्हणाली, "जात नाही रे हा."

ता. २६, सोमवार

मामा झोपतात. झटके नाहीत. घोडे दिसत नाहीत. चमचा रोज थोडा लहान. काल मला म्हणाले, "येस्या, तू कधीपासून इथे?" आणि घोड्याला कोण दाणा घालते ते विचारले. मी घालतो.



पाळी दुपारची. पलीकडच्या गल्लीत ताडीवरून दोघांनी एकमेकांची डोकी फोडली. लिहिता लिहिता मला त्यांची नावे दोनदा विचारावी लागली.

ता. ३१, शनिवार

मामांना घरी सोडले. डॉक्टरांनी आज ब्रँडी पूर्ण बंद केली आणि तरी हात स्थिर. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगातून गेली आहे. मनातून मी काढू शकत नाही, त्याला माझ्याकडे औषध नाही." मग हसून, "आता तुमच्या देवाकडे न्या."

कसे नेणार. ते दार बंद झाले.

ता. ३ सप्टेंबर, मंगळवार

केरीतली माणसे आजोबांकडे गेली. पुन्हा भंडारा द्या म्हणाले, विशेष म्हणून. आजोबा म्हणाले, "विशेष म्हणून उद्या चोरालाही देईन." आणि किल्ली कमरेला खोचून आत गेले. नंतर मला एकट्याला म्हणाले, "तुझं एकट्याचं चुकलं नाही. माझंही चुकलं. शब्द ऐकताना मी हसलो होतो." यात मला बरे वाटावे असे काय होते कळले नाही.

मामा ओट्यावर बसतात. जाणारे येणारे त्यांच्याकडे बघतात, म्हणजे तोंडाकडे, पावलांकडे. मामा सगळ्यांना दिसतील असे पाय पुढे ठेवून बसतात.

बूट बदलून मिळाले. हे मोठे आहेत.

ता. ६, शुक्रवार

दफेदारांनी विचारले. वरून पुन्हा मागणी आली आहे, आमच्या केरीचे नाव अजून गेले नाही. "गौरीपर्यंत म्हटले होते, मी शब्दाचा पक्का आहे. पण आता त्याला धरून ठेवणारे काय आहे, सांग. देव सुटला, डॉक्टर सुटला. उरलास तू." मग जरा नरमले. "मला लिहून नको. रोज पाळी संपली की दुसऱ्या शिपायाला सांगतोस ना, तसे सांग. काही दिसले तर दिसले म्हण. मी तुझ्या बोलण्यावर जाईन."

म्हणजे माझ्या तोंडावर एका माणसाचा तुरुंग. आणि मामीचे काय व्हायचे ते.

दिवसभर हे डोक्यात. जेवण गेले नाही. आई म्हणाली, पोलिसात पाठवायला नको होते तुला.

ता. ८, रविवार

मामांनी आज जटका काढला. आठवड्याची भाडी ठरलेली, स्टेशनावरून. सकाळी केरीतून जाताना मला बघून थांबले.

"काय, पहारा का?"

"आज दोन्ही पाळ्या माझ्याच, मामा."

"असू दे, असू दे." लगाम हातात घेऊन बसून राहिले. "तुझी मामी बोलत नाही. म्हणजे बोलते, जेवायला घालते. पण जाऊ नका म्हणत नाही. पूर्वी दारात आडवी व्हायची, हात धरायची, शिव्या द्यायची. आज फेटा हातात दिला आणि म्हणाली, या. एवढंच. तिला विचार ना, तिच्या मनात काय आहे ते."

"तुम्हीच विचारा."

"मला भीती वाटते तिची," मामा म्हणाले. आणि गेले.

संध्याकाळी मी गुत्त्याच्या कोपऱ्यावर उभा. विजेचे दिवे नुकतेच लागले होते. मामा स्टेशनाकडून रिकामे परत येत होते. गुत्त्यासमोर आले आणि घोडा आपण होऊन थांबला. मामांनी जिभेने टकटक केले नाही. लगाम ओढलाही नाही, सैलही सोडला नाही. नुसते बसून राहिले. आतून कोणीतरी हाक मारली, "लिंगोजीराव, बन्नी, बन्नी!" या, या. मामांनी तिकडे मान वळवली नाही. पण पुढेही गेले नाहीत. त्यांनी मला पाहिले की नाही ठाऊक नाही. मी दिव्याखाली होतो, दिसलो असेन.

जाऊन घोड्याच्या लगामाला हात घालावा असे वाटले. दोन पावले गेलोही. मग थांबलो. किती जणांनी हात घातला त्या माणसाला. मी, आजोबा, दफेदार, डॉक्टर, ती.

तेवढ्यात माझी पाळी संपली. बदलीचा शिपाई आला, शिट्टी माझ्याकडून घेतली. मामा अजून तसेच, जटक्यात. शिपायाने त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"एनु विशेष?" त्याने विचारले. काही विशेष?

"एनु इल्ला," काही नाही, मी म्हटले, आणि मागे न बघता घरी आलो.